शिक्षेआधीचे दिघे

आमच्या पनवेलच्या कोर्टात राजाराम दिघे नावाचे वकील होते आणि ते खटले हरायचे. हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. मी पोलीस प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारच्या बाजूनं उभा राहणारा. स्वातंत्र्यानंतरची बरीच वर्षं मी त्यांच्यासमोर उभा राहिलोय, तेव्हा त्यांच्या हरण्याचा माझ्याएवढा भरवशाचा साक्षीदार दुसरा मिळणार नाही. आरोपीचा गुन्हा शाबीत करणं हे माझं काम. दिघे समोर असले की त्यातलं निम्मं तेच उरकून टाकायचे.

एकदा मारामारीच्या खटल्यात साक्षीदारानं सांगितलं, की अंधार गुडुप होता, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बस! एवढ्यावर कुठलाही शहाणा वकील खाली बसला असता. दिघ्यांना कुठलं राहवतंय? चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मग काय हो, एवढ्या अंधारात माझ्या अशिलाला ओळखलंत कसं?"

साक्षीदार म्हणाला, "सायब, त्यानंच मना हाक मारली. म्हनला, सोमा तूच ना? मी म्हनलो, व्हय. मंग मारला."

कोर्टात हशा पिकला. अशील दिघ्यांकडे असा बघत राहिला की मलाच त्याची कणव आली. दिघे मात्र खुशीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "काही म्हणा जोग, उत्तर झकास दिलं हां त्यानं!"

पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी 'गुन्हा शाबीत' असं म्हटलं, की तिथून दुसरेच दिघे उभे राहायचे. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीच्या वकिलाला चार शब्द बोलू द्यावेत, अशी रीत होती. तेव्हा कायद्याची तशी सक्ती नव्हती, सगळा साहेबांच्या मर्जीचा मामला. बाकीचे वकील उठून एका दमात म्हणायचे, "आरोपी गरीब आहे, कुटुंबवत्सल आहे, पहिलाच गुन्हा आहे," आणि साहेब मान वर न करता शिक्षा लिहायचे. ह्या तिन्ही शब्दांचा दिघ्यांना मनस्वी राग. "गरीब कोण नाही हो? साहेबांचा पट्टेवाला गरीब आहे, पुकारा करणारा गरीब आहे, ज्याची चोरी झाली तोही गरीबच आहे. त्यात सांगायचं काय?" अशिलाच्या घरच्यांना त्यांची सक्त ताकीद असायची, की कोर्टात तान्हं मूल आणायचं नाही आणि रडायचं नाही. रडायचं ते घरी, पोटभर.

त्यांचा सवाल एकच असायचा. अशिलाच्या गावी जायचे, चावडीवर बसायचे, चहा प्यायचे आणि दिसेल त्याला विचारायचे, "हा आत गेला, तर उद्या सकाळी कोणाचं काय अडेल?" माणूस चांगला की वाईट, हे ते कधी विचारत नसत. ते विचारायला गेलं की फजिती होते, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं. एका कोंबडीचोरासाठी त्यांनी गावच्या म्हाताऱ्या पाटलाला पुढं केलं आणि विचारलं, "माणूस चांगला आहे ना?" पाटील उसळून म्हणाले, "चांगला? परवा माझाच कोंबरा नेला त्यानं!" मी तर टेबलाखाली तोंड घालून हसत होतो. दिघे क्षणभर गडबडले, आणि मग म्हणाले, "म्हणजे साहेब, हा ओळखीच्यांकडेच नेतो. परक्या माणसाला ह्याचा त्रास नाही." साहेब हसले, आणि चोराचा एक महिना कमी झाला.

इस्माईल टांगेवाल्याचंही तेच. त्यानं एका प्रवाशाला चाबकानं फटकावलं होतं. शिक्षेच्या वेळी दिघे म्हणाले, "साहेब, ह्याचा घोडा दुसऱ्या कोणाला लगाम लावू देत नाही. हा आत गेला तर घोडा कोर्टाच्या दारातच उभा राहणार, आणि आपली मोटार आत यायची बंद होणार." साहेबांनी हवालदाराला टांगा बाजूला घ्यायला पाठवलं. घोड्यानं हवालदाराची टोपी दातात धरली ती सोडेना. इस्माईल आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडला, "हुजूर, कान के पीछे खुजलाने को बोलो!" त्या दिवशी इस्माईल दंडावर सुटला. टोपी संध्याकाळी मिळाली.

आता माझं दुर्दैव सांगतो. दिघे माझे शेजारी होते. प्रभू आळीत आमच्या घरांच्या मध्ये हनुवटीपर्यंत येणारा मातीदगडाचा गडगा. त्यांची मागची पडवी आणि माझं परस ह्यांत तेवढंच अंतर. सरकारी वकील आणि आरोपीचा वकील असे भिंतीला भिंत लावून राहिले की लोक काय काय बोलतात! म्हणून मी त्यांच्याशी घरी असताना कामाचं अवाक्षर बोलायचो नाही. पण कानांना बूच थोडंच लावता येतं? दिघे आपलं कोर्टातलं बोलणं पडवीत म्हणून बघायचे, आणि ऐकायला असायच्या वहिनी.

वहिनी विळीवर बसलेल्या. बोंबील असायचे, कोलंबी असायची, नाही तर नुसता कोबी. दिघे समोर येरझाऱ्या घालत बोलायचे, "साहेब, हा माणूस..." विळीची करकर चालूच. "साहेब, ह्याच्या घरी..." करकर चालूच. मग कुठल्या तरी वाक्याला विळी थांबायची. वहिनी वर बघायच्या. ते वाक्य ठेवायचं. बाकी सगळी खोडायची. वकिलीतली पुस्तकं दिघ्यांकडे फारशी नव्हती, आणि होती त्यांवर वहिनी पापड वाळत घालायच्या.

"तुमचा निकाल काय?" असं ते विचारायचे.

"दुसऱ्या वाक्यालाच माझं लक्ष उडालं. साहेबांचंही उडेल," वहिनी म्हणायच्या. "आणि त्याच्या आईला दम्याची उबळ येते, हे कशाला घातलंत? गेल्या खेपेला पण दमाच होता."

म्हणजे मला उद्या ते काय बोलणार हे आदल्या संध्याकाळीच ठाऊक असायचं. मी तयारीनं जायचो, आणि तरीही शिक्षा कमी व्हायची. अशानं माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल? ह्या माणसाला घरातल्या मांजरीचीसुद्धा वकिली करायची खोड. मांजरीनं सुरमईचा तुकडा पळवला, की वहिनी लाटणं घेऊन निघायच्या आणि दिघे आडवे यायचे. "गुन्हा कबूल आहे. शिक्षेबद्दल बोलतो. ही गेली तर माळ्यावरच्या उंदरांचं काय?" लाटणं खाली यायचं, पण दुपारच्या जेवणात दिघ्यांच्या ताटात नुसती आमटी असायची.

जोमा घरतची गोष्ट मात्र ह्या सगळ्यांहून वेगळी. गावाचं नाव घेत नाही, कारण त्यातल्या माणसांची नातवंडं आज पनवेलात बंगले बांधून आहेत. खाडीकाठचं गाव. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधानं बाहेर अडवायचं आणि आत भात करायचा, अशी तिकडची शेती. त्या लांबलचक बांधाचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला असतो. कुठं बांध फुटला, म्हणजे त्यांच्या भाषेत खांड पडली, की ओरड होते, आणि घरटी एक माणूस हातातलं काम टाकून धावतो. कोणी निमंत्रण देत नाही.

त्या वर्षी भादव्यात खांड पडली. सगळी घरं धावली. गोमा म्हात्रे तेवढा आला नाही. एक माणूस कमी, त्यातून खांड रुंदावली आणि जोमाचं पोटरीला आलेलं सगळं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. गोमा कुठं होता? पनवेलला तंबूत सिनेमा बघायला! संध्याकाळी भांग पाडून, गाणं गुणगुणत परत आला आणि चिखलानं माखलेल्या जोमालाच विचारतो, "काय रं, सगली कुठं गेलती?"

जोमाच्या हातात कुदळीचा दांडा होता. गोमाचा उजवा हात मोडला. जोमा तसाच चालत पोलीस ठाण्यावर आला, दांडा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी मारला. ह्यो घ्या."

कोर्टातही त्यानं कबुली दिली. साक्षी नाही, उलटतपासणी नाही, म्हणजे दिघ्यांना घोटाळा करायला वावच नाही. साहेब होते सबनीस. शिस्तीचे, शिक्षेत कसर न ठेवणारे, आणि दिवेलागण झाल्याशिवाय खुर्ची न सोडणारे. हाड मोडलेलं, तेव्हा दोन वर्षं अलिबागचा तुरुंग ही शक्यता सगळ्यांनाच दिसत होती. मी कडक शिक्षेची मागणी केली. दिघ्यांनी शिक्षेबद्दल बोलायला वेळ मागितला. सबनीसांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सोमवारपर्यंत मुदत दिली आणि जोमाला तोवर जामिनावर राहू दिलं.

दिघे दुसऱ्या दिवशी गावाला जाऊन आले ते हर्षानं फुगूनच. पडवीत येरझाऱ्या सुरू झाल्या. त्यांनी बघितलं होतं, की गोमाच्या वाट्याचा बांध खेकड्यांनी पोखरून खचलाय, गोमाचा हात गळ्यात, आणि सोमवारी अमावास्या. अमावास्येचं उधाण आलं की तिथंच पुन्हा खांड पडणार, आणि गावाचं उरलंसुरलं भातही जाणार. दिघ्यांनी जोमाला सांगितलं होतं, उद्यापासून गोमाचा बांध तू भरायला घे. "साहेब, ज्या हातानं मारलं, तोच हात आज त्याचा बांध भरतोय!" ते पडवीत म्हणाले. विळी थांबली. मी परसात तुळशीला पाणी घालत होतो. मनात म्हटलं, झालं, ही केसही आपल्या हातची गेली.

आणि दोन दिवसांत ठाण्यावरचा जमादार हसत हसत माझ्याकडे आला. "साहेब, आरोपीनं शिक्षेआधीच दुसरा गुन्हा केला." गोमाच्या बायकोनं, नागूबायनं, फिर्याद दिली होती, की जोमा आमच्या बांधावर माती टाकून आमची जमीन बळकावतोय.

मी खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गडग्यापाशी जाऊन नियम मोडला आणि हाक मारली, "अहो दिघे, तुमचा साधू दुसऱ्याचा बांध गिळायला निघालाय म्हणे!"

दिघ्यांचा चेहरा उतरला. आम्हा दोघांनाही जे ठाऊक नव्हतं, ते वहिनींना ठाऊक होतं, कारण त्यांचं माहेर उरणकडचं. तिथली रीत अशी, की बांधावर ज्याची माती पडली त्याची मालकी बोलू लागते. म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कोणी आपणहून हात लावत नाही. मदत हवी असेल तर त्या घरच्या बाईनं मातीची पहिली पाटी स्वतः भरून द्यायची. तिनं दिली की ती मदत. तिनं न देता घातली की ते आक्रमण.

"तुम्ही नागूबायला विचारलंत?" वहिनींनी विचारलं.

"नाही गं. मला वाटलं, चांगलं काम आहे, त्यात विचारायचं काय?"

"वाटलं म्हणे!" असं म्हणून वहिनी आत गेल्या. दिघे गडग्याला टेकून उभे राहिले. त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "जोग, माझ्या शहाणपणापायी त्या माणसाला दोन वर्षं जावं लागणार हो. सबनीस ही फिर्याद बघतील आणि माझं एक अक्षर ऐकणार नाहीत." मला झालेला आनंद तिथंच विरला.

रविवारी सकाळी ते माझ्या दारात हजर. "चला. फिर्याद तुमच्याकडे आहे ना, मग चौकशीही तुम्हीच करा." वास्तविक मी जाण्याचं काही कारण नव्हतं. मी गेलो. इस्माईलच्या टांग्यातून रस्ता संपेपर्यंत, आणि पुढं बांधावरून, जोडे हातात घेऊन. दिघे दोनदा घसरले. तिसऱ्यांदा गुडघ्याएवढे चिखलात रुतले, तेव्हा मीच त्यांना काखेत धरून वर काढलं. सरकारचं हे असलं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

नागूबाय अंगणात उभी होती. धिप्पाड बाई, लुगड्याचा कासोटा, कपाळावर भलंमोठं कुंकू. तिनं दिघ्यांना वरपासून चिखलापर्यंत न्याहाळलं.

"मानूस आमचे बांदावर घालनारा वकील तो तूच काय?"

"चूक माझी आहे बाई. जोमाची नाही. मला रीत ठाऊक नव्हती."

"रीत ठावं नाय, त मानसं सोरवतंस कशी?"

दिघ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. मग म्हणाले, की तुमची इच्छा असेल तर साहेबांच्या परवानगीनं हे आपसात मिटवता येईल, खटलाच राहणार नाही. ओसरीवर बाजेवर पडलेला गोमा आशेनं म्हणाला, "मिटव गो एकदाचा."

"तू गप रे. शिनेमा बघ," नागूबाय म्हणाली, आणि दिघ्यांकडे वळली. "मिटवायचा नाय. मारलाय त्यानं, तो लिवलाच पायजे. सरकारचे कागदावर लिवा. आनी माफी बी नको मना. माफी मागंल नि मोकला होऊन घरा जाल."

"मग तुमचं म्हणणं काय? त्याला आत टाकावं?" आता दिघ्यांच्या आवाजात जीव उरला नव्हता.

"आत टाकून मना काय? तिकरं त्याला बसून भाकर. उद्या अवसेचा पानी चरंल तवा माजे बांदावर कोन हुबा रेल? तू?" दिघ्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. तिनंही बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "माजे दादल्याचा हात धरेपावत माजा बांद त्यानं धरायचा. ज्यानं मोरला त्यानंच. दुसऱ्यानं कशाला?"

दिघे माझ्याकडे वळले. डोळे लकलकत होते. इतकी वर्षं ते गावोगाव फिरून जो सवाल विचारत होते, तो आज त्यांनाच विचारला गेला होता आणि उत्तरही मिळालं होतं.

जोमा लांब आपल्या वाट्याच्या बांधावर बसून होता. फिर्याद झाल्यापासून तो पलीकडे सरकला नव्हता. अख्खा गाव बांधावर जमला. नागूबायनं फावड्यानं चिखल ओढला, पाटी काठोकाठ भरली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि आपल्या बांधावर जाऊन उभी राहिली. हाक मारली नाही. जोमा उठला, हळूहळू चालत आला, तिच्यापुढं वाकला आणि पाटी आपल्या डोक्यावर घेतली. खचलेल्या जागी चिखल थपकन पडला, तेव्हा माझ्या शेजारी दिघे कोटाच्या बाहीनं नाक पुसत होते. मला हसू येणार होतं, पण मीही खिशातला रुमाल शोधत होतो, कबूल करतो.

आम्ही निघालो तशी नागूबाय मला म्हणाली, "ती फिर्याद फार."

"सरकारी कागद फाडता येत नाही बाई."

"मंग गिल," ती म्हणाली आणि दुसरी पाटी भरायला वळली.

सोमवारी कोर्ट भरलेलं. दिघे उठले. मी ऐकून ठेवलेली सगळी वाक्यं तयारच होती, पण त्यांनी त्यांतलं एकही वापरलं नाही. म्हणाले, "साहेब, हा आत गेला तर कोणाचं काय अडेल, एवढंच मी नेहमी सांगतो. आज ज्या बाईचं अडणार आहे ती इथं आली आहे. तिलाच विचारावं."

सबनीसांनी विचारलं. नागूबायनं काल अंगणात सांगितलं तेच, त्याच आवाजात सांगितलं. साहेबांना अरेतुरे करायचं तेवढं राहिलं.

"पण बाई, ह्यानं तुझ्या नवऱ्याचा हात मोडलाय."

"म्हनूनच त सांगते."

सबनीसांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "सरकारचं म्हणणं काय? हरकत आहे?"

माझ्यासमोर माझं टिपण होतं. हरकत कशी घ्यायची ते त्यात व्यवस्थित मांडलं होतं. पण माझ्या नखांत कालचा चिखल अजून तसाच होता. "सरकारची हरकत नाही," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. दिघ्यांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की मी पटकन दौतीत टाक बुडवायला लागलो.

सबनीसांनी निकाल दिला. गुन्ह्याची नोंद राहील. चांगल्या वागणुकीचा जामीन लिहून द्यायचा, आणि शिक्षा कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे साहेब खुर्ची सोडेपर्यंत कोर्टातच बसून राहायचं, की झाली शिक्षा. वकिलांच्या बाकांवर कुजबुज उठली, असा निकाल आणि सबनीसांचा! पण जोमा आनंदायच्या ऐवजी पांढराफटक पडला. नागूबाय दाराबाहेर आभाळाकडे बघायला लागली. मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. सबनीस उठणार दिवेलागणीला, आणि भरती त्याच्या आधी. कालच भरलेला बांध अजून ओला होता, आणि तो धरणारा माणूस इथं पट्टेवाल्याशेजारी जमिनीवर बसलेला.

दिघे ताडकन उठले. तोंड उघडलं. मी म्हटलं, हा माणूस आता एक जास्तीचा प्रश्न विचारणार आणि मिळवलेलं सगळं घालवणार! मी मागून त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं. सरकारी वकिलानं आरोपीच्या वकिलाचा कोट ओढल्याचं दुसरं उदाहरण असेल तर मला ऐकायला आवडेल.

सबनीस खिडकीबाहेर बघत होते. पट्टेवाल्याला म्हणाले, "काय रे, आज भरती केव्हा?"

"उन्हं कलली की लागते साहेब."

सबनीसांनी समोरचे कागद उलटसुलट केले, टोपण पेनला लावलं. "बाकीची कामं उद्या घेऊ. कोर्ट उठलं," असं म्हणाले आणि खरंच उठून आत गेले. साहेब मूळचे मुरुडकडचे, म्हणजे भरतीओहोटी बघत वाढलेले, हे आम्हाला मागाहून कळलं. जोमा दारातून सुसाट पळाला. बाहेर इस्माईलचा टांगा उभा होता. जोमा आणि नागूबाय दोघंही त्यातच चढले, आणि तिनं बसल्या बसल्या त्याला बाजूला सरकून बसायला फर्मावलं.

बांध टिकला. पुढं कित्येक वर्षं पावसाळा सरला की दिघ्यांच्या पडवीत निवट्यांची, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांची, टोपली यायची, आणि गडग्यावरून त्यातला तळलेला वाटा माझ्याकडे. सरकारी माणसानं अशी भेट घ्यावी का, ह्यावर दिघ्यांनी माझ्यासमोर अर्धा तास बाजू मांडली. शेवटी निवट्या गार होतील म्हणून मी हरकत सोडली.

माझी अलिबागला बदली झाली त्या पावसात दिघे अंगणात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यातून ते पुढं नीटसे उठले नाहीत, आणि वर्षा-दोन वर्षांत गेलेही. पण त्या वेळी पडवीत खाटेवर पडून तोंड अखंड चालू होतं. नवे वकील शिक्षेआधीचं बोलणं विचारायला यायचे, आणि वहिनींच्या विळीपुढं त्यांचीही परीक्षा व्हायची. त्याच पावसात आमच्या मधला गडगा ढासळला.

मी निघायच्या आदल्या दिवशी परसात बघतो तर जोमा आणि गोमा उभे. डोक्यावर पाट्या, कमरेला कुदळी. गोमाचा हात कोपरात थोडा वाकडा, पण कामाचा. हाक नाही, दार वाजवणं नाही, नुसते उभे. मला उमगेना. वहिनी मात्र पदर खोचून बाहेर आल्या. मातीची पहिली पाटी त्यांनी भरून जोमाच्या हातात दिली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"सायब, गडगा दोनी घरांचा. तुमची बायमानूस कुठं हाय?" जोमा म्हणाला.

"ती सामान घेऊन पुढं गेली अलिबागला."

"मंग तुमीच द्या."

मी धोतर वर खोचून पाटी भरली. खाटेवरून आवाज आला, "सरकारची काही हरकत?"

"नाही हो, नाही!" मी खेकसलो. हात चिखलाचे, आणि कोणाचं तरी लक्ष माझ्या डोळ्यांकडे जाईल म्हणून मी मान खाली घातली होती.

"मग जोमा, गुडघ्याएवढाच ठेव रे," दिघे म्हणाले. "आडून ऐकताना ह्यांना टाचा वर कराव्या लागायच्या."

इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं निघायचं होतं. निरोप असा घ्यायचा नाही, हे मी ठरवलं होतं. मला ते जमत नाही. ट्रंक उचलून परसातून निघालो तर पडवीतून विळीची करकर आणि दिघ्यांचा कोर्टातला आवाज.

"साहेब, ह्या माणसाची बदली झाली आहे. हुकूम शाबीत आहे, त्याबद्दल वाद नाही. शिक्षेबद्दल बोलतो. हा गरीब नाही. पहिलीच बदली नाही. आणि तिरसट तर विचारू नका." करकर चालूच. मी ओला गडगा न्याहाळत उभा. "पण हा गेला, तर उद्या सकाळी कोणाचं काय अडेल? साहेब, मी पडवीत जे जे बोललो, ते पलीकडे कोणी तरी ऐकतंय म्हणून बोललो. उद्यापासून मी..." पुढचं वाक्य आलं नाही.

विळी थांबली.

मी ट्रंक खाली ठेवली, गडगा ओलांडला आणि आत गेलो. अलिबागची गाडी मी दुसरी धरली.